गोठ्याच्या फळीवरचे पाऱ्याचे डबे: साखर कारखान्यांच्या शेती विभागांना खुलं पत्र

प्रति,
मुख्य शेतकी अधिकारी, ऊसविकास अधिकारी, गटप्रमुख आणि चिटबॉय,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी व खाजगी साखर कारखाने

स.न.वि.वि.

हे पत्र कृषी खात्याला लिहिता आलं असतं. पण उसाच्या बांधावर जो माणूस नेमाने येतो तो तुमचा चिटबॉय असतो. लागण कोणत्या तारखेची, वाण कोणता, बेणं कुणाच्या प्लॉटमधून आणलं, हे सरकारी दप्तरात नसेल पण तुमच्या गट ऑफिसच्या रजिस्टरात असतं. शेतकरी तुमचं ऐकतो, कारण त्याची तोड तुमच्या हातात आहे. म्हणून विनंती तुम्हालाच.

विनंती अशी की, ऊस बेणेप्रक्रियेसाठी, म्हणजे लागणीआधी उसाच्या टिपऱ्या (तुकडे) औषधात बुडवण्यासाठी, पूर्वी वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या औषधाचे जे डबे आणि पुड्या आजही शेतकऱ्यांच्या घरात, गोठ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत पडून आहेत, ते तुम्ही गोळा करा. आणि गोळा करताना ते का घेतोय हे त्या शेतकऱ्याला नीट सांगा.

केंद्र सरकारने ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने १८ कीडनाशकांवर बंदी घातली. त्यातल्या १२ वर बंदी त्याच दिवसापासून लागू झाली. त्या बारांमध्ये एक नाव होतं ‘मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड’. हे नाव गावात कुणालाच माहीत नाही. एमिसान म्हटलं, अ‍ॅगॅलॉल म्हटलं, की जाणत्या बागायतदाराला लगेच कळतं, आणि त्याहून जुनी माणसं नुसतं ‘पाऱ्याचं औषध’ म्हणतात. त्या आदेशाच्या आधीही हे औषध देशात सगळीकडे बंदच होतं. अपवाद फक्त दोन पिकांच्या बेण्याचा ठेवला होता, बटाटा आणि ऊस. म्हणजे सेंद्रिय पाऱ्याचं (कार्बनशी जोडलेल्या पाऱ्याचं) शेवटचं राहिलेलं दार आपल्या उसाच्या फडातून उघडत होतं, आणि ते बंद झालं तेव्हा त्याची बातमी फडापर्यंत पोचवणं हे आपलंच काम होतं. दुकानातली विक्री थांबली. घरात होतं ते घरातच राहिलं. इंटरनेटवर बेणेप्रक्रियेची माहिती शोधली तर एमिसानची शिफारस आजही सापडते, आणि तरुण शेतकरी तीच वाचतात.

या औषधाला नावं ठेवण्याआधी त्याचं देणं मान्य करायला हवं. ते लागू पडत होतं. टिपरीच्या कापलेल्या तोंडातून शिरणारी उसाच्या अननस रोगाची बुरशी त्याने थांबायची, डोळ्याभोवती चिकटलेले काणी रोगाचे बीजाणू मरायचे, उगवण एकसारखी यायची. जगभर गव्हाच्या आणि बार्लीच्या बियाण्याला सेंद्रिय पाऱ्याची औषधं चोळली जायची ती याच कारणाने. थोड्याशा पैशात पीक वाचायचं. ज्यांनी ते वापरलं त्यांनी शिफारशीप्रमाणेच वापरलं, त्यांना दोष देण्याचा प्रश्नच येत नाही.

आमच्याकडे बेणेप्रक्रिया कशी चालायची ते सांगतो, तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिलीही असेल. बांधावर पत्र्याचा पिंप ठेवायचा, पाटाचं पाणी बादलीने भरायचं, पुडी फोडून ओतायची आणि काठीने ढवळायचं. बायका खाली बसून कोयत्याने दोन डोळ्यांच्या टिपऱ्या तोडायच्या, पाटीत भरायच्या, पाटी पिंपात बुडवायच्या. टिपऱ्या वर तरंगू नयेत म्हणून कुणीतरी हातानेच त्या दाबून धरायचं. पाटी वर काढली की निथळणारं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. हातमोजे मी एकाही फडात पाहिले नाहीत. दुपारी पाटावर हात खंगाळून तिथेच भाकरी सोडायची. दिवस मावळताना पिंप आडवा करायचा आणि तळाचं गढूळ पाणी ओढ्याकडे सोडून द्यायचं. त्या बायकांत कुणी पोटुशी आहे का, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता त्या पिंपातला हिशेब करू. शिफारस साधारणपणे १०० लिटर पाण्याला १०० ग्रॅम औषधाची असायची. सहा टक्के पारा असलेलं औषध धरलं तर पिंपात ६ ग्रॅम पारा जातो, म्हणजे लिटरला ६० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशाच्या मानकाने ठरवलेली पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिंपातलं पाणी त्या मर्यादेच्या साठ हजार पट. हे पाणी कुणी पीत नव्हतं हे खरं. पण ते ज्या ओढ्यात गेलं, त्याच ओढ्यावर खाली जनावरं पाणी प्यायची.

माझ्या एका नातेवाइकाच्या गोठ्यात असा डबा मी अलीकडेच पाहिला. फळीवर होता, जनावरांच्या खनिज मिश्रणाच्या पिशवीला टेकून. कागद उडालेला, झाकण गंजून चिकटलेलं. हे इथे कशाला ठेवलंय विचारलं तर म्हणाले, “असू द्या, असलं जोरकस औषध आता मिळत नाही. आयुष्यभर वापरलं, आम्हाला काय झालं?”

तुमच्या चिटबॉयलाही प्रत्येक दारात हाच प्रश्न ऐकायला मिळणार आहे. त्याचं उत्तर त्याच्याजवळ असायला हवं, आणि ते उत्तर इराकमध्ये आहे.

१९७१ साली इराकमध्ये दुष्काळामुळे बियाणं उरलं नव्हतं. सरकारने परदेशातून, मुख्यतः मेक्सिकोहून, गहू आणि अमेरिकेहून बार्ली मागवली. सगळं मिळून ९० हजार टनांहून जास्त बियाणं बसरा बंदरात उतरलं आणि गावोगाव फुकट वाटलं गेलं. बियाण्याला मिथाइल मर्क्युरीचं औषध लावलेलं होतं आणि ते ओळखू यावं म्हणून गुलाबी-तांबडा रंग दिला होता. पोत्यांवर इशारा छापलेला होता, पण तो स्पॅनिश आणि इंग्रजीत. कवटीचं चित्र होतं, त्याचा अर्थ तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हता. त्यात बियाणं उशिरा पोचलं, बऱ्याच भागांत पेरणी उरकली होती. घरात गहू होता आणि पोटात भूक होती. लोकांनी तो दळला आणि त्याच्या रोट्या केल्या.

ती माणसं निष्काळजी होती असं कुणी समजू नये. काहींनी गहू धुतला. रंग निघून गेला तेव्हा त्यांना वाटलं की औषधही गेलं, पण पारा दाण्यातच राहिला. काहींनी तो आधी कोंबड्यांना आणि मेंढ्यांना घालून पाहिला. काही दिवस थांबले. जनावरं ठणठणीत होती, मग घरच्यांनी खाल्ला. आपणही त्यांच्या जागी हेच केलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याची पारख करायची रीत हीच आहे, आणि अनेक विषांना ती लागू पडते.

मिथाइल मर्क्युरीला ती लागू पडत नाही. खाल्ल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत इराकमध्ये साधारण १६ ते ३८ दिवस गेले. तेवढे दिवस माणूस कामाला जातो, जेवतो, झोपतो. मग हातापायांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. पुढे चालताना तोल जातो. नजर कडेने आवळत जाते आणि फक्त समोरचं दिसतं. जीभ जड होते, ऐकू येईनासं होतं. हे सगळं पाऱ्याच्या हिशेबाने घडतं हे तिथल्या डॉक्टरांनी आणि अमेरिकन संशोधकांनी मोजून दाखवलं: शरीरात साधारण २५ मिलिग्रॅम साठला की मुंग्या, ५५ ला तोल जाणं, ९० ला बोलणं अडखळणं, १७० ला बहिरेपण, २०० च्या पुढे मृत्यू. २०० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही. डिसेंबरच्या अखेरीस दवाखाने भरायला लागले. अधिकृत आकड्यांप्रमाणे ६,५३० जण दवाखान्यात दाखल झाले आणि ४५९ दगावले. घरातच गेलेल्यांची मोजदाद त्यात नाही.

आणि लहान मुलांचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण आपल्या फडातल्या बायकांशी त्याचा संबंध आहे. गरोदरपणात ती रोटी खाल्लेल्या काही आयांना स्वतःला फार त्रास झाला नाही, पण त्यांची मुलं जन्मतःच मेंदूला इजा घेऊन आली. काही मुलं चालायला, बोलायला फार उशिरा शिकली. आईने कोणत्या महिन्यात किती पारा खाल्ला हे संशोधकांनी तिच्या केसावरून काढलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या त्या वेळी रक्तात असलेला पारा त्या तुकड्यात अडकून राहतो. एका लांब केसाचे तुकडे करून तपासले की आईच्या गरोदरपणाचा महिन्यामहिन्याचा जमाखर्च हाती येतो.

म्हणून “आम्हाला काय झालं” या प्रश्नाला खरं उत्तर हे की, या जातीचं विष उशिरा बोलतं आणि अनेकदा दुसऱ्याच्याच शरीरात बोलतं. ज्याने पुडी फोडली त्याला कदाचित काही होणारही नाही, आणि ज्याला होईल त्याला पुडी आठवणारही नाही. शेतकऱ्याचा स्वतःचा अनुभव इथे साक्षीला येत नाही. म्हणूनच बाहेरच्या जाणत्या माणसाने, म्हणजे तुम्ही, सांगणं गरजेचं आहे.

तुमच्यातले कृषी पदवीधर इथे मला अडवतील आणि त्यांचा मुद्दा बरोबर आहे. इराकमधलं औषध मिथाइल मर्क्युरीचं होतं, आपलं मिथॉक्सी इथाइलचं. दोन्ही एक नव्हेत. मिथाइलचा रेणू टिकाऊ असतो, आपल्याच अन्नातल्या एका अमिनो आम्लासारखं रूप घेऊन तो मेंदूच्या आणि गर्भाला पोसणाऱ्या वारेच्या पडद्यापलीकडे जातो. मिथॉक्सी इथाइलचा रेणू शरीरात लवकर फुटतो आणि त्यातून साधा, असेंद्रिय पारा सुटतो. तो मेंदूपेक्षा मूत्रपिंडावर जास्त घाव घालतो. स्वीडनने याच फरकावर भरवसा ठेवला होता. तिथे मिथाइल मर्क्युरी लावलेलं बियाणं टिपून शेतातले पक्षी मरत होते, आणि त्या पक्ष्यांवर जगणारे शिकारी पक्षीही. संग्रहालयात ठेवलेल्या जुन्या पक्ष्यांची पिसं तपासली तेव्हा पारा कधीपासून वाढत गेला ते दिसलं. १९६६ साली स्वीडनने मिथाइलचं औषध बंद केलं आणि त्याच्या जागी मिथॉक्सी इथाइल आणलं. त्यापेक्षा सौम्य म्हणून.

पण सौम्य कुणाला, हे विचारायला हवं. पोटात गेलं तर ते आतड्याची आणि मूत्रपिंडाची वाट लावतं. फुकट गेलेल्या पाण्यातला पारा तर कुठेच नाहीसा होत नाही, कारण पारा हे मूलद्रव्य आहे. त्याला कुजणं माहीत नाही. १९६९ साली स्वीडनच्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तळ्याच्या गाळात, जिथे हवा पोचत नाही तिथे, सूक्ष्मजीव साध्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. म्हणजे ज्याला आपण सौम्य म्हणून ओढ्यात सोडलं, त्याला गाळ पुन्हा जहाल करू शकतो. तिथून ते शेवाळात, किड्यांत, लहान माशात, मोठ्या माशात चढत जातं आणि प्रत्येक पायरीवर दाट होतं.

मासा म्हटल्यावर मिनामाताचं नाव येणारच. जपानच्या त्या खाडीत चिस्सो या रसायन कंपनीने पाऱ्याचं सांडपाणी सोडलं आणि तिथले मासे खाऊन माणसं आजारी पडली, मेली. ती कथा बहुतेकांनी ऐकलेली आहे, मी ती सविस्तर सांगत नाही. तुम्ही कारखान्यात नोकरी करता म्हणून तिच्यातला फक्त एक माणूस तुमच्यापुढे ठेवतो. हाजिमे होसोकावा हे चिस्सो कंपनीच्याच दवाखान्याचे मुख्य डॉक्टर होते. १ मे १९५६ रोजी या अनोळखी रोगाची पहिली अधिकृत खबर आरोग्य खात्याला गेली ती त्यांच्याच दवाखान्यातून. पुढे १९५९ साली त्यांनी कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनवणाऱ्या विभागाचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिलं. चारशे नंबरचं मांजर. ऑक्टोबरात ते मांजर झटके देऊ लागलं, गरगरा फिरू लागलं, अगदी कोळ्यांच्या घरातल्या मांजरांसारखं. डॉक्टरांना जे कळायचं ते कळलं. कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही आणि पारा वापरणारी ती प्रक्रिया १९६८ पर्यंत चालू ठेवली. होसोकावा यांनी १९७० साली, स्वतः दवाखान्यात शेवटच्या आजारात असताना, अंथरुणावरून न्यायालयासाठी साक्ष दिली. त्या अकरा वर्षांत खाडीतले मासे लोक खातच होते.

तुमच्यावर कुणाचा असा दबाव आहे असं मी म्हणत नाही. बंदी तर सरकारनेच घातलेली आहे, बोलायला कुणाचीच ना नाही. फक्त ठाऊक असलेल्या माणसाने बोलायला हवं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगणं भाग आहे. पाऱ्याचं नाव काढलं की घराघरांत लसीचा विषय निघतो. काही लसींच्या बहुमात्रा कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल घालतात, तेही सेंद्रिय पाऱ्याचं संयुग आहे. पण त्यातून शरीरात होतं ते इथाइल मर्क्युरी, तेही मायक्रोग्रॅमच्या मापात, आणि रक्तातून ते मिथाइलपेक्षा कितीतरी लवकर निघून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने ते सुरक्षित मानलं आहे आणि पाऱ्याविरुद्धच्या मिनामाता करारातही अशा लसी मुद्दाम वगळल्या आहेत. तेव्हा डबे गोळा करताना कुणी आई हा प्रश्न विचारेल तर तिला ठामपणे सांगा की बाळाची लस चुकवू नको.

त्याच मिनामाता कराराला भारताने २०१८ च्या जूनमध्ये मान्यता दिली. पारायुक्त कीडनाशकं बनवणं आणि त्यांचा आयात-निर्यात व्यापार २०२० पर्यंत थांबवायचा, असं त्यात ठरलं होतं. कागदावर सगळं पूर्ण आहे. राहिली आहे ती गोठ्यातली फळी.

बेण्याला आता काय लावायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काणी आणि गवताळ वाढ हे रोग रोखायला मूलभूत बेण्याला उष्ण बाष्प प्रक्रिया आहे, ५४ अंश सेल्सिअसला १५० मिनिटं. ज्या कारखान्यांकडे तिचं यंत्र आहे त्यांनी ते हंगामभर चालू ठेवावं आणि लहान शेतकऱ्याच्या बेणेमळ्यालाही त्याचा वाटा द्यावा. त्याच्या पुढे कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची बुडवण, आणि मग हवेतला नत्र धरणाऱ्या अ‍ॅसिटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं द्रावण. यातलं कार्बेन्डाझिमही औषधच आहे, तिथेही हातमोजे हवेत, आणि ते कारखान्याने बेण्याबरोबर द्यावेत. बेण्याच्या किमतीपुढे हातमोज्याचा खर्च तो काय.

आता डब्यांचं. शेतकऱ्याला सांगा: डबा उघडू नका. जाळू नका, जाळला की पारा वाफेने हवेत जातो आणि तो श्वासावाटे थेट आत येतो. पुरू नका, उकिरड्यात टाकू नका, विहिरीत किंवा ओढ्यात तर नाहीच. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, झाकणाच्या बरणीत ठेवा आणि धान्य, पेंड, खनिज मिश्रण यांपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.

आणि तो माणूस खरंच जायला हवा. गोळा झालेले डबे गट ऑफिसच्या कोपऱ्यात पडून राहिले तर आपण फक्त फळी बदलली असं होईल. राज्यात घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारी केंद्रं आहेत, रांजणगावला, तळोज्याला, बुटीबोरीला. तुमच्या कारखान्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाशी कामकाज चालतंच, त्याच खिडकीतून हे डबे अधिकृतपणे पाठवता येतील. विल्हेवाटीचा खर्च शेतकऱ्यावर टाकू नका. एका शेतकऱ्याने पैसे पडतील म्हणून डबा ओढ्यात फेकला तर सगळी मोहीम वाया गेली. डबा दिला म्हणून कुणाला नोटीस येणार नाही, हेही लेखी जाहीर करा. बंदी असलेली वस्तू घरात सापडली तर पोलीस येतील ही भीती गावात आहे, आणि त्या भीतीपोटी माणसं तोंड उघडणार नाहीत.

तुमच्या ऊसविकास विभागाच्या जुन्या पत्रकांवरून, भिंतीवरच्या तक्त्यांवरून, शेतकरी मेळाव्याच्या पुस्तिकांवरून एमिसानची ओळ काढून टाका. नुसतं खोडू नका. त्या जागी हे औषध २०१८ पासून बंद आहे आणि जुना साठा असल्यास गट ऑफिसला कळवा, असं ठळक छापा. मोठ्या अक्षरात, मराठीत.

आडसाली उसाची लागण जुलैत सुरू होते. त्याआधी, उसाच्या नोंदीचा फॉर्म भरताना चिटबॉयने एक जास्तीचा प्रश्न विचारावा, एवढीच सुरुवात मी मागतो: “घरात बेण्याचं जुनं पाऱ्याचं औषध आहे का?” फॉर्मवर त्यासाठी एक रकाना घाला. उत्तर ‘हो’ आलं तर आठवड्याच्या आत डबा उचलायचा आणि शेतकऱ्याला पोच द्यायची. ज्या कारखान्याला हे करायचं आहे पण माहितीपत्रक कसं लिहावं, डबे कसे बांधावेत याची अडचण आहे, तिथे मी स्वखर्चाने येऊन तुमच्या शेती विभागाच्या लोकांशी बोलायला तयार आहे.

कळावे,

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद व कृषी रसायनशास्त्राचा निवृत्त अध्यापक